क्षयरोग : डीएनए-आधारित निदान व माग

क्षयाच्या जंतूचा (मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस) डीएनए शोधून रोग ओळखणे, औषधांना दाद न देणारे जंतू हुडकणे आणि लागण कशी पसरली याचा माग काढणे, या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेतील पद्धती. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये हा जंतू जगापुढे आणला. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ निदानाचा भार सूक्ष्मदर्शकावर आणि जंतुसंवर्धनावर राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचा, तर मिलिलिटरभर बेडक्यात तो ५,००० ते १०,००० च्या संख्येने असावा लागतो. लहान मुले आणि एचआयव्हीबाधित यांच्या नमुन्यात बहुधा तितके जंतू नसतात, म्हणून त्यांचेच निदान सर्वाधिक हुकते. संवर्धनात थोडे जंतूही सापडतात. पण हा जंतू फार सावकाश वाढतो. घन माध्यमावर सहा-आठ आठवडे सहज जातात, आणि तोवर रुग्ण खोकत असतो, कदाचित चुकीची औषधे घेत असतो.

ही दिरंगाई आणि त्या काळातली चुकीची औषधे किती महागात पडतात ते मुंबईने पाहिले आहे. हिंदुजा रुग्णालयाचे झरीर उदवाडिया आणि सहकारी यांनी २०११ च्या अखेरीस चार रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते.

डीएनए चाचण्यांना खरे बळ मिळाले ते जंतूची जनुकसंहिता हाती आल्यावर. १९९८ मध्ये स्ट्युअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी ‘एच३७आरव्ही’ या प्रयोगशाळेतील वाणाची सुमारे ४४ लाख अक्षरांची संहिता प्रसिद्ध केली. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला होणारा प्रतिरोध यातल्या ‘आरपीओबी’ या एकाच जनुकातून येतो आणि त्याला कारण ठरणारे सुमारे ९५ टक्के बदल अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात असतात, हे तोवर माहीत झाले होते. इतकी आटोपशीर खूण दुसऱ्या फारशा औषधांना लाभलेली नाही.

जीनएक्सपर्ट ही चाचणी याच पट्ट्यावर उभी आहे. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. भारतीय क्षयरोग कार्यक्रमात ती ‘सीबीनॅट’ म्हणून ओळखली जाते. बेडक्यात दुप्पट द्रावण घालून तो हलवतात, पंधरा मिनिटे ठेवतात आणि पातळ झालेला नमुना प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये भरतात. पुढचे सगळे यंत्रात होते : श्राव्यातीत ध्वनीने जंतू फोडले जातात, पीसीआरने डीएनएच्या असंख्य प्रती निघतात आणि मूळ चाचणीतील पाच चमकणारे शोधक त्या पट्ट्याच्या पाच भागांना चिकटतात. एखादा चमकला नाही किंवा उशिरा चमकला, तर तिथे बदल झाला असे धरतात. दोन तासांच्या आत रोग आणि रिफाम्पिसिन-प्रतिरोध ही दोन्ही उत्तरे मिळतात.

या यंत्राला मात्र अखंड वीज आणि बेताचे तापमान लागते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचू शकले. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली. त्यात आधी जंतू सापडतो का ते पाहतात. सापडला तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून प्रतिरोध तपासतात.

अशा चाचणीला जिथे पाहायला सांगितले आहे तिथेच ती पाहते, हा तिचा मोठा दोष. आफ्रिकेतील स्वाझीलँडमध्ये (आताचे एस्वातिनी) २००९ च्या सर्वेक्षणातील बहुऔषध-प्रतिरोधी जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये बदल होता तो ८१ अक्षरांच्या पट्ट्याबाहेर, ४९१ व्या स्थानी. जीनएक्सपर्टच्या लेखी हे जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारे होते. असे रुग्ण निष्प्रभ औषधावर राहतात आणि हा वाण पसरत जातो. म्हणूनच संपूर्ण जनुकवाचनाचा, म्हणजे जंतूची सगळी संहिता वाचण्याचा, आग्रह धरावा लागतो. अशा वाचनाचा अर्थ लावायला लागणारी, प्रतिरोधाशी निगडित बदलांची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रथम काढली.

मेलेल्या जंतूंचा डीएनएही चाचणीत दिसतो. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे पाहायला त्यामुळे आजही सूक्ष्मदर्शक आणि संवर्धनच लागते.

लागणीचा माग घेण्यासाठी १९९० च्या दशकात ‘आयएस६११०’ हा डीएनए-खंड जंतूत किती ठिकाणी आहे त्याचा ठसा घेत. पुढे स्पोलिगोटायपिंग ही ठशाची दुसरी पद्धत आली. या पद्धती संहितेचा अगदी थोडा भाग वाचतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका साथीतले सगळे जंतू जुन्या ठशांवरून एकाच वाणाचे वाटत होते. जेनिफर गार्डी आणि सहकाऱ्यांनी ३६ नमुन्यांची पूर्ण संहिता वाचली, तेव्हा एकाच वेळी दोन साथी चालू असल्याचे उघड झाले (२०११). पाठोपाठ इंग्लंडमधील अभ्यासातून एक मोजमाप पुढे आले : दोन जंतूंत पाचपर्यंत अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची, बारापेक्षा जास्त असेल तर त्या दोन रुग्णांचा थेट संबंध संभवत नाही. इंग्लंडने २०१७ पासून हे वाचन नेहमीच्या तपासणीत आणले.

क्षयजंतूच्या संहितेत सरासरी दोन वर्षांत एखादेच अक्षर बदलते. एकाच घरातील दोघांचे जंतू म्हणूनच अनेकदा तंतोतंत सारखे निघतात आणि कोणाकडून कोणाला लागण झाली ते संहितेवरून ठरत नाही. ते ठरवायला खोकला कोणाला आधी सुरू झाला, कोण कोणाच्या सहवासात होते, ही विचारपूस आरोग्य कर्मचाऱ्यांना करावी लागते. ब्रिटिश कोलंबियातही रुग्णांच्या गाठीभेटी आणि कोकेनचे व्यसन यांची माहिती संहितेला जोडल्यावरच साथीचा उलगडा झाला.