ड्रेडनॉट : विशेषनामाचं सामान्यनाम होताना

आज आपण एकच शब्द घेऊ : ड्रेडनॉट. यातला ‘ड्रेड’ म्हणजे धास्ती घेणं. पण ‘नॉट’ हा नेहमीचा नकार नव्हे, बरं का. हा ‘नॉट’ म्हणजे शून्य, काहीही नाही. तेव्हा ड्रेडनॉट म्हणजे कशालाच न भिणारा.

इंग्लंडच्या आरमारात हे नाव जुनं. १५७३ साली या नावाचं एक जहाज बांधलं गेलं आणि १५८८ मध्ये ते स्पॅनिश आर्माडाशी लढलं. ट्रफाल्गरला याच नावाचं दुसरं जहाज होतं. उतारवयात ते ग्रीनिचला थेम्समध्ये खलाशांचं तरंगतं इस्पितळ झालं. जाड लोकरी कापडाच्या कोटालाही ड्रेडनॉट म्हणत. वादळाला न भिणारा कोट!

आता १९०६ कडे येऊ. तोवर मोठ्या युद्धनौकेवर साधारणपणे बारा इंची तोफा चार, बाकी लहानमोठ्या तोफांची खिचडी. अ‍ॅडमिरल फिशर यांच्या आग्रहानं बांधलेल्या नव्या ‘ड्रेडनॉट’वर बारा इंची तोफा दहा, आणि स्टीम टर्बाइनमुळे वेग २१ नॉट. (हा ‘नॉट’ म्हणजे गाठ, त्याचा आपल्या शब्दाशी संबंध नाही.) अशी प्रत्येक नौका, मग ती जर्मनीची का असेना, ड्रेडनॉट म्हटली जाऊ लागली.

आम्हाला तर्कशास्त्र शिकवायची जुनी सवय, म्हणून इथे थोडं थांबतो. मिल म्हणतो, विशेषनाम वस्तू दाखवतं, तिचे गुण सांगत नाही. इथे विशेषनामाचं जातिनाम झालं आणि त्याला गुण चिकटले. कोणते? निर्भयता नव्हे, एकाच मापाच्या अवजड तोफा!

आणि त्याबरोबर आधीच्या नौका ‘प्री-ड्रेडनॉट’ ठरल्या. नाव मिळालं तेच मुळी कालबाह्य म्हणून. अशा नौकांचा सर्वांत मोठा ताफा होता खुद्द ब्रिटनचा! शर्यत नव्यानं सुरू झाली. १९०८ मध्ये जर्मनीची ‘नासाऊ’ पाण्यात उतरली. १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये वाद पेटला : ड्रेडनॉट चार बांधायच्या की सहा? जर्मनीच्या धास्तीनं शेवटी आठ बांधल्या. ‘न भिणारा’ हा शब्द लोक आता भीतीनं मोजत होते.

मूळ ‘ड्रेडनॉट’ जटलंडच्या लढाईत नव्हतीच, दुरुस्तीला गेली होती. तिनं एकच शत्रुनौका बुडवली, १८ मार्च १९१५ रोजी. ती होती जर्मन पाणबुडी, आणि बुडवली ती धडक देऊन. दहा तोफा तशाच राहिल्या. १९२१ मध्ये नौका भंगारात विकली गेली.

१९६० मध्ये ब्रिटननं आपली पहिली अणुपाणबुडी पाण्यात सोडली. तिचं नावही ड्रेडनॉटच.