रिपोर्टमधले पांढरे ठिपके

माझ्या एमआरआय रिपोर्टमध्ये एक ओळ होती: मेंदूत काही बारीक पांढरे ठिपके, ठोस कारण सांगता येत नाही. रात्री दोन वाजता ती ओळ मी किती वेळा गूगल केली, विचारू नका. डॉक्टर म्हणाले होते, "मायग्रेनमध्ये दिसतात, घाबरू नकोस." आमच्याकडे याला अर्धशिशी म्हणतात. आई कपाळाला ओढणी घट्ट बांधून अंधारात पडायची, आणि घरातले त्याला नाटक म्हणायचे.

म्हणून मी मागे मागे वाचत गेले.

हार्वर्डमधले कार्ल लॅश्ली. त्यांना स्वतःलाच मायग्रेनचा ऑरा यायचा: नजरेसमोर चमकणारी, नागमोडी कड. ती पसरत असताना ते तिचा आकार कागदावर काढून ठेवत. १९४१ साली त्यांनी हिशेब मांडला की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर वेगाने सरकतंय. स्कॅन नाही, मशीन नाही. कागद आणि घड्याळ! मला हा माणूस जाम आवडतो. १९४४ मध्ये तिथेच आरिस्टिडेस लेआँव यांना सशाच्या मेंदूवर तशीच संथ लाट सापडली. दोन्हींचा संबंध जोडायला मात्र १९५८ उजाडलं.

२००१ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना असा एक माणूस मिळाला, ज्याला बास्केटबॉल खेळलं की ऑरा यायचा. खेळून झाल्यावर त्याला स्कॅनरमध्ये झोपवलं. लाटेचा वेग निघाला मिनिटाला साधारण ३.५ मिलिमीटर.

पण लाट येते आणि जाते. मागे काही उरतं का?

२००४ मध्ये नेदरलँड्समध्ये मायग्रेन असलेले २९५ आणि नसलेले १४० जण तपासले. मायग्रेनवाल्या बायकांत पांढरे ठिपके जास्त निघाले. अटॅक जितके जास्त, तितका धोका जास्त. हे वाचून मी फोन उलटा ठेवला होता. नऊ वर्षांनी त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांना पुन्हा बोलावलं. मायग्रेनवाल्या ७७ टक्के बायकांत ठिपके वाढले होते, इतर बायकांत ६० टक्के. पण त्या वाढीचा स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती घटण्याशी संबंध आढळला नाही. त्या मंडळींचं वय माझ्या साधारण दुप्पट होतं, हेही खरं.

परवा आईला व्हिडिओ कॉलवर लॅश्लींची ती नागमोडी रेघ दाखवली. ती बराच वेळ बघत बसली.

"असंच दिसतं गं मला," ती म्हणाली. "मला वाटायचं, सगळ्यांनाच दिसतं."