परतलेल्या पूर्वजाचा शोध : सातारा, सांगली आणि मॉरिशस

जुन्या मराठीत पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणत. हा शब्द मॉरिशस बेटाच्या नावावरून आला. तेथील उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जे मजूर गेले, त्यांत रत्नागिरी व सातारा भागांतील माणसेही होती. जे तेथेच राहिले, त्यांचे वंशज आज त्या देशातील मराठी समाज म्हणून ओळखले जातात. जे परतले, त्यांची मात्र घरच्यांनाही फारशी आठवण उरली नाही. अशा पूर्वजाचा माग काढू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी ही माहिती देत आहोत.

पार्श्वभूमी

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर नेण्यात येऊ लागले. 'अॅग्रीमेंट' शब्दाचे लोकभाषेत 'गिरमिट' झाले. १८३९ मध्ये या स्थलांतरावर बंदी आली. ती १८४२ मध्ये उठली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे पोहोचले व त्यांपैकी साधारण एक तृतीयांश परत आले. ते पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

आरंभी करार संपल्यावर परतीचा प्रवास मोफत असे. १८५० च्या दशकात ही सोय बंद झाली. त्यानंतर परतणाऱ्यास बहुधा स्वतःच्या गाठीच्या पैशांवरच यावे लागे.

मोका येथील नोंदवह्या

मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या मूळ नोंदवह्या जतन केल्या आहेत. प्रत्येकास एक क्रमांक दिलेला असे. नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खुणा, गाव, जिल्हा, जहाज व आगमनाची तारीख अशी माहिती त्यांत आढळते. पुढे विवाह, मृत्यू किंवा मायदेशी प्रयाण यांची नोंद केली जाई. म्हणजे जाणे आणि परतणे या दोन्ही गोष्टींचा पुरावा एकाच ठिकाणी मिळू शकतो. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेतली जाऊ लागली.

आडनाव बहुधा लिहिले जात नसे, आणि नावे इंग्रजी व फ्रेंच वळणाने लिहिली जात. म्हणून केवळ नाव जुळले एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. वडिलांचे नाव, गाव व वय ही तिन्ही ताडून पाहावीत. ज्यांनी तेथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांची नावे बदललेली असू शकतात. अशा वेळी धर्मग्रामातील स्नानसंस्काराच्या नोंदवहीचाही आधार घ्यावा.

गावाचा जिल्हा

सांगली जिल्हा त्या काळी अस्तित्वात नव्हता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. साहजिकच वाळवा, तासगाव, खानापूर या तालुक्यांतील गावे जुन्या कागदांत सातारा जिल्ह्यात शोधावीत. सांगली, मिरज व जत ही तर संस्थाने होती.

इकडील साधने

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक ठरलेल्या घरी येऊन वंशावळ वाचून दाखवतात. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यांची नावे सापडतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, सातारा राज्याचे मोडी कागद आहेत. शोधास घरातील वडीलधाऱ्यांपासून आरंभ करावा. गाव आणि वडिलांचे नाव हाती आल्यावरच मोक्याकडे अर्ज करावा.

दोन्ही तीरांवरील आप्त

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसमधील सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या ओळखपत्राची संधी जाहीर केली. त्यामुळे तेथील कुटुंबेही आपले मूळ गाव शोधत आहेत. एकाच घरातील एक भाऊ परतला व दुसरा तेथेच राहिला असेल, तर वहीतील वडिलांच्या व गावाच्या नावावरून आज त्यांच्या वंशजांना एकमेकांची ओळख पटू शकते. इकडे पिढ्यांची नावे लिहून ठेवली नाहीत, तर तिकडून गाव शोधत येणाऱ्यास आपले घर ओळखता येणार नाही.