पाण्यात बसणारी फळी

तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आपण दरवर्षी वर्गात शिकवतो. तीच वस्तू वेगाने धावू लागली की काय होते, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याचा जो खेळ आहे, त्या सर्फिंगचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो.

या खेळाचे माहेर हवाई बेटे. कॅप्टन कुकच्या मोहिमेतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ मध्ये तेथील लोक लाटांवर स्वार होताना पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून ठेवले. हवाईयन लोकांकडे फळ्यांचे निरनिराळे प्रकार होते. 'अलाया' पातळ आणि तुलनेने आखूड. 'ओलो' लांब, जाड, पोटाशी आणि पाठीशी फुगीर. ती सरदारांची फळी. ओलोसाठी विलीविली नावाच्या झाडाचे हलके लाकूड पसंत केले जाई. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा जवळचा भाऊबंद. यातल्या कोणत्याच फळीला खाली पर नसे. कडेचा आणि पोटाचा आकार एवढ्यावरच सारी भिस्त.

एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवरची माणसे मोठ्या संख्येने दगावली. मिशनऱ्यांनाही हा खेळ रुचत नव्हता. तो अगदी विझला नाही, पण ओलो घडवणारे हात गेले. घडवण्याचे ज्ञान लिहिलेले नव्हते, ते लाकडात होते. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात अशा काही फळ्या राहिल्या. १९२०च्या दशकात टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूने त्यांची दुरुस्ती केली आणि तशीच फळी बनवायला घेतली. वजन कमी करण्यासाठी त्याने तिला भोके पाडली व वरून पातळ लाकूड बसवले. त्यातून पोकळ फळी जन्मली. १९३५ मध्ये त्याने फळीच्या शेपटाखाली एक पर जोडला आणि घसरणारे शेपूट ताळ्यावर आले.

आता थोडे इंग्लंडात जाऊ. १८६७ च्या सुमारास विल्यम फ्रूड हा अभियंता डार्ट नदीत जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहत होता. 'रेव्हन' टोकदार होती, 'स्वान' बोथट. टोकदार तीच चांगली, असे तेव्हाचे मत. फ्रूडला दिसले की एका वेगाला एक सरस ठरते, तर दुसऱ्या वेगाला दुसरी. याचे कारण होडीने स्वतःच उठवलेल्या लाटेत आहे. वेग वाढतो तशी ही लाट लांब होते. ती होडीइतकी लांब झाली की होडी आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. खोल पाण्यातल्या लाटेच्या सूत्रात (वेगाचा वर्ग = गुरुत्वत्वरण × तरंगलांबी ÷ २π) २.४ मीटर, म्हणजे आठेक फूट, ही लांबी घालून पाहा. उत्तर सेकंदाला सुमारे १.९ मीटर येते, म्हणजे ताशी ७ किलोमीटर. याहून फार वेगाने जायचे तर पाणी सारत न बसता त्याच्यावर घसरावे लागते.

हे घसरणे हिशेबात आणले कॅलिफोर्नियाच्या बॉब सिमन्स याने. अभियांत्रिकी शिकलेल्या सिमन्सने वेगवान होड्यांच्या तळांवरचे लिंडसे लॉर्ड यांचे १९४६ चे पुस्तक वाचले आणि रुंद, सपाट तळाच्या फळ्या घडवल्या. १९५४ मध्ये ला होया येथे लाटांवर खेळतानाच त्याचा अंत झाला.

जॉर्ज ग्रीनो याची वाट निराळी. १९६०च्या दशकात सांता बार्बराजवळ तो गुडघ्यांवर बसून चालवायची, चमच्यासारखी खोलगट फळी वापरी. तिचा पर माशाच्या शेपटीसारखा लवचीक होता. ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने १९६६ ची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या फळीला ग्रीनोच्या धर्तीचाच पर होता. याच प्रेरणेतून मालिबू परिसरात ग्रेग लिडल यांच्यासारख्या कारागिरांनी फुगीर पोटाच्या, पातळ कडांच्या, एकाच लवचीक पराच्या फळ्या घडवल्या. त्यांना 'डिस्प्लेसमेंट हल', म्हणजे पाणी सारणारा तळ, असे नाव पडले.

हे नाव आम्हाला अर्धेच पटते. दोन मीटर खोल पाण्यात लाट ताशी सुमारे १६ किलोमीटरने धावते आणि तिच्यावर आडवी जाणारी फळी त्याहूनही वेगाने. वर काढलेली ७ ची मर्यादा केव्हाच मागे पडते. म्हणजे ही फळीसुद्धा घसरतेच. फरक आहे तो ती पाण्यात किती रुतून घसरते याचा. यासाठी एक प्रयोग करून पाहा. चमचा दांड्याच्या टोकाशी सैल धरा आणि त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हलकेच लावा. धार त्याला ढकलून देईल असे मुले सांगतील. प्रत्यक्षात चमचा धारेत ओढला जातो. पाणी फुगीर पाठीला चिकटून वळते, त्याला वळवताना चमचा उलट बाजूला खेचला जातो. फळीचे पुढचे पोट पाण्याला असेच धरून राहते.

म्हणून ती चालवण्याची रीतही वेगळी. शेपटावर पाय दाबून झटक्यात वळवायची नाही. मध्याच्या आसपास उभे राहून कड हळूच पाण्यात कलवायची. वळताना वाकलेला पर सरळ होतो तेव्हा थोडा रेटा परत देतो. नवशिक्याला ही फळी डुगडुगते, फार खवळलेल्या पाण्यात तर ती त्रासच देते. मालिबू किंवा रिंकनसारख्या ठिकाणी, जिथे लाट भूशिराला वळसा घालून एका बाजूने लांबवर सुटत जाते, तिथेच ती निवडावी. शेपटाकडे पोट सपाट होत गेलेले आहे ना, हे हात फिरवून पाहावे. पोटाचा फुगा टोकापर्यंत तसाच राहिला तर पाणी शेपटालाही खाली ओढते आणि फळी मंदावते.