जगन्नाथ अनंत आणि मंडळी

ग्रंथावर नाव एकाचेच आहे: जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या चित्रांवरचे त्याचे दोन खंड १८९६-९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्यामागचे काम, म्हणजे भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे, मात्र तो जिथे शिकवत होता त्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात झाले. आजच्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला गटप्रकल्प संपला की ‘यात माझा वाटा काय’ हे लिहून द्यावे लागते. त्या मुलांकडून कुणी दोन ओळी लिहून घेतल्या असत्या तर!

कुणी काय केले याचा मुख्य पुरावा चित्रांचाच, आणि तोही अर्धामुर्धा. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आधी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, म्हणून नव्या कराव्या लागल्या. या नव्या, कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या, सुमारे ३०० होत्या. त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या शंभराहून अधिक गेल्या. दोन्ही वेळा आगच.

उरलेल्यांच्या नोंदींत नावे भेटतात. जगन्नाथ अनंत. जयराव राघोबा. मराठी वाचक इथे थबकतो, कारण आडनावाची जागा रिकामी आहे. ‘अनंत’ आणि ‘राघोबा’ ही वडिलांची नावे असावीत. हा माझा तर्क, पण त्या काळची नाव सांगण्याची रीत पाहता भक्कम. त्यांच्यातल्याच पेस्तनजी बोमनजींबद्दल मात्र अधिक माहिती मिळते. पुढे ते नामवंत चित्रकार झाले, म्हणून त्यांचे जन्मवर्षही हाती लागते: १८५१. म्हणजे कामाला सुरुवात झाली तेव्हा ते एकवीस वर्षांचे आणि ते संपले तेव्हा चौतिसाव्या वर्षात. तेरा वर्षे कुणी विद्यार्थी राहत नाही. तेव्हा हा ‘गट’ एकच नव्हता, माणसे येत-जात राहिली, हे जवळजवळ निश्चित. जुन्यांनी नव्यांना शिकवले असेल, पण तो अंदाज झाला.

कामाची वाटणी कशी झाली? पहिल्या लेण्याचे छत पाहावे. ते लहानलहान चौकटींत विभागलेले आहे: कमळे, हंस, कमळांतून धावणारा गुलाबी हत्ती. भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी असा तुकड्यांत वाटून देता येत नाही, छत येते. उरलेल्या प्रतिकृतींत एकेका चौकटीच्या पुष्कळ आहेत. तेव्हा एका मुलाला एक चौकट असा हिशेब असावा. या नक्षीचा शाळेला उपयोगही होता. तिच्या मातकाम विभागाच्या भांड्यांवर अजिंठ्याचे आकृतिबंध उतरलेले दिसतात.

एक गोष्ट मात्र कुणी स्वतःच्या वाट्याला मागितली नसती. अंधारात रंग नीट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे ते पिवळे-काळे पडले. १९२० च्या सुमारास निजामाच्या राज्याने इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले, त्यांच्या कामात ते व्हार्निश काढणेही होते. इतिहासात हा ठपका ग्रिफिथ्सवर आहे, तसे श्रेयही त्याचेच. पण ब्रश धरणारा हात बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा असणार, आणि त्या चौकटीवर त्याचे नाव नाही.