डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलरसाठी गिटार स्पीकर कॅबिनेट

गिटार स्पीकर कॅबिनेट ही विद्युत गिटारच्या ध्वनिसाखळीतील शेवटची कडी होय. लाकडी पेटीत बसवलेले एक, दोन किंवा चार स्पीकर, त्यांची तारजोडणी आणि पुढची जाळी एवढाच तिचा संसार असतो. तथापि गिटारचा जो ध्वनी श्रोत्याला ओळखीचा वाटतो, त्याचा मोठा भाग या पेटीतच घडतो. अ‍ॅम्प्लिफायर, त्याची पेटी आणि तिच्यासमोर ठेवलेला मायक्रोफोन यांचे अनुकरण गणिताने करणाऱ्या उपकरणास डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर म्हणतात. पेटीचे काम मॉडेलर स्वतःच करू शकत असल्याने त्याच्या जोडीला खरी पेटी निवडताना एक मूलभूत प्रश्न उभा राहतो : पेटीचा रंग कोणी द्यायचा, उपकरणाने की लाकडाने? हा प्रश्न न सोडवता केलेली खरेदी बहुधा पुन्हा विक्रीस येते.

प्रस्तुत लेखात निवडीच्या तांत्रिक बाजूबरोबरच पवईसारख्या दाट वस्तीच्या मुंबई उपनगरातील परिस्थितीचा विचार केला आहे. बहुमजली गृहसंकुले आणि भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रांगणातील मोठा रंगमंच या दोन टोकांमध्ये येथील वादकाची सामग्री वावरते.

पार्श्वभूमी

विद्युत गिटारसाठी वापरला जाणारा पारंपरिक स्पीकर हा ध्वनिमुद्रण ऐकण्याच्या स्पीकरहून अगदी वेगळा असतो. त्याचा उपयुक्त पल्ला साधारणतः ७५ हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंत असून त्यापुढे प्रतिसाद झपाट्याने ढासळतो. सर्वसाधारण स्वरजुळणीत गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास आणि सर्वांत वरचा स्वर, २४ पडद्यांच्या गिटारवर, सुमारे १,३१९ हर्ट्झवर असल्याने मूळ स्वर या पल्ल्यात सहज बसतात. वरचा भाग कापला जाणे हा येथे दोष नसून गुण आहे. विकृत केलेल्या, म्हणजेच डिस्टॉर्शन लावलेल्या, ध्वनीत वरच्या पट्टीत कर्कश स्वरांश तयार होतात. स्पीकरचा कागदी शंकू ते गाळून टाकतो.

सेलेशन या ब्रिटिश कंपनीचे १२ इंची स्पीकर व्हॉक्स आणि मार्शल यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे १९६०च्या दशकात जगभर पोहोचले. चार स्पीकरची मार्शलची पेटी त्याच दशकात रॉक संगीताची खूण बनली. डिजिटल अनुकरणाचा प्रसार लाइन ६ कंपनीच्या १९९८ मधील ‘पॉड’ या छोट्या उपकरणाने झाला. पुढे फ्रॅक्टल ऑडिओचे अ‍ॅक्स-एफएक्स (२००६), केम्पर प्रोफायलर (२०११) आणि लाइन ६ हेलिक्स (२०१५) यांनी ते व्यावसायिक रंगमंचावर आणले.

आवेग-प्रतिसाद

आजच्या मॉडेलरमध्ये पेटीचे अनुकरण बहुधा आवेग-प्रतिसादाने होते. वादक त्याला ‘आयआर’ म्हणतात. विशिष्ट पेटीसमोर विशिष्ट जागी ठेवलेल्या विशिष्ट मायक्रोफोनने टिपलेली ही ध्वनिप्रतिमा असते. दर सेकंदास ४८,००० नमुने या वेगाने २,०४८ नमुन्यांची फाइल सुमारे ४३ मिलिसेकंदांची भरते आणि पेटीच्या स्वभावासाठी तेवढी पुरते. मात्र ही प्रतिमा पेटीची जेवढी, तेवढीच मायक्रोफोनचीही असते, हे विसरले जाते. पेटीपासून तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येणारा ध्वनी आणि जाळीपासून दोन इंचांवरच्या मायक्रोफोनने टिपलेला ध्वनी यांत मोठा फरक असतो. ‘मॉडेलरमध्ये अ‍ॅम्पसारखी हवा हलत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतांशी येथेच आहे. दोष गणिताचा नसून ऐकण्याच्या जागेचा असतो.

दोन मार्ग

पहिल्या मार्गात मॉडेलरमधील पेटीचे अनुकरण बंद ठेवून त्याचा संकेत वेगळ्या पॉवर अ‍ॅम्पमधून खऱ्या गिटार पेटीला दिला जातो. यात वादकाला परिचित अ‍ॅम्पचा अनुभव मिळतो : पाठीमागून येणारा धक्का, तारेला मिळणारा प्रतिसाद, नियंत्रित फीडबॅक. याची किंमत अशी की उपकरणात शेकडो पेट्यांची अनुकरणे असली तरी खोलीत ऐकू येणारी पेटी एकच राहते.

दुसऱ्या मार्गात अनुकरण चालू ठेवून संकेत पूर्ण पल्ल्याच्या, सपाट प्रतिसादाच्या स्पीकरला दिला जातो. या प्रकारास इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एफआरएफआर’ म्हणतात. असा स्पीकर स्वतःचा रंग न देता आलेले जसेच्या तसे वाजवतो, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेट्या म्हणजे प्लॅस्टिकच्या कवचातील साधे सार्वजनिक ध्वनिक्षेपणाचे स्पीकरच असतात. त्यात गैर काही नाही, पण सपाटपणाचा दावा कानाने तपासून घ्यावा. एकाच गाण्यात फेंडरसारखा स्वच्छ आणि मार्शलसारखा खरखरीत असे दोन्ही ध्वनी लागणाऱ्या वादकास हा मार्ग सोयीचा पडतो.

दोहोंची सरमिसळ झाल्यास ध्वनी बिघडतो. अनुकरण चालू ठेवून गिटार पेटी जोडली, तर वरचे स्वर दोनदा गाळले जातात आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. उलट अनुकरण बंद ठेवून सपाट स्पीकर जोडला, तर गाळले न गेलेले स्वरांश मधमाश्यांच्या पोळ्यासारखे गुणगुणतात. नव्या मॉडेलरविषयी निराश झालेल्या वादकाने उपकरण बदलण्यापूर्वी या दोन शक्यता तपासणे इष्ट असते. बहुतेक मोठ्या मॉडेलरमध्ये दोन स्वतंत्र निर्गम असतात. एकातून अनुकरणासह संकेत ध्वनियोजनेच्या मिक्सरकडे आणि दुसऱ्यातून अनुकरणाविना संकेत पाठीमागच्या पेटीकडे पाठवता येतो. रंगमंचावर वाजवणाऱ्यांसाठी हीच मांडणी सर्वांत व्यवहार्य ठरते.

या दोहोंमधला एक तिसरा वर्गही आता रूढ झाला आहे. लाइन ६ कंपनीची ‘पॉवरकॅब’ ही २०१८ मधील पेटी, तसेच सेलेशनचा एफ१२-एक्स२०० हा २०० वॅटचा स्पीकर, गिटारच्या पेटीत बसणारे असूनही पूर्ण पल्ल्याचे आहेत. अशा समाक्ष रचनेत उच्च स्वरांचा भाग मोठ्या शंकूच्या मध्यावर बसवलेला असल्याने दोन्ही ध्वनी एकाच बिंदूतून निघाल्यासारखे वाटतात.

स्पीकर आणि पेटी

पहिला मार्ग धरणाऱ्यांसाठी पेटीपेक्षा स्पीकरची निवड अधिक निर्णायक असते. सेलेशनचा ‘ग्रीनबॅक’ २५ वॅटचा असून त्याची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे. तो लवकर दबतो आणि मध्यम पट्टीत मऊ असतो. १९८६ पासूनचा ‘व्हिंटेज ३०’ हा ६० वॅटचा, १०० डेसिबल संवेदनशीलतेचा असून त्याचा वरच्या मध्यम पट्टीतील उठाव वाद्यवृंदातून गिटार पुढे आणतो. एकट्याने खोलीत वाजवताना हाच उठाव टोचतो. दुकानात एकट्याने वाजवून घेतलेला निर्णय चार जणांच्या सरावात फसतो तो असा. ज्यांना अनेक अ‍ॅम्पची अनुकरणे वापरायची आहेत, त्यांनी ठळक स्वभावाचा स्पीकर टाळून तुलनेने संयत आणि किमान ६० वॅटचा स्पीकर घेणे श्रेयस्कर.

मागून बंद असलेली पेटी खालचे स्वर घट्ट ठेवते आणि ध्वनी पुढे फेकते; मागून उघडी असलेली खोलीभर पसरवते, पण भिंतीला चिकटवून ठेवल्यास तिचा गुणच नाहीसा होतो. पुढच्या दिशेलाही महत्त्व आहे. १२ इंची शंकू सुमारे १,१०० हर्ट्झच्या वर ध्वनी अरुंद झोतात फेकू लागतो, कारण तेथे ध्वनीची तरंगलांबी शंकूच्या व्यासाएवढी होते. त्यामुळे पेटी जमिनीवर असली की वादकाच्या घोट्यांना तीव्र स्वर ऐकू येतात आणि कानांना येत नाहीत. पेटी खुर्चीवर ठेवणे किंवा मागे कलती करणे हा यावरचा फुकटचा उपाय होय.

शक्ती आणि अवरोध

शक्ती दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दसपट शक्ती लागते. म्हणून ५० आणि १०० वॅट यांतील फरक किमतीत जेवढा दिसतो तेवढा ऐकू येत नाही. ट्रान्झिस्टर आणि क्लास-डी अ‍ॅम्पची लिहिलेली शक्ती सहसा ४ ओहमवरची असते. सेमूर डंकन कंपनीचा ‘पॉवरस्टेज १७०’ हा ४ ओहमवर १७० वॅट देतो आणि ८ ओहमच्या पेटीवर त्याच्या जवळपास निम्मे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास ४ ओहम, तर एकसरीत जोडल्यास १६ ओहम होतात. अ‍ॅम्पवर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा खाली जाणे धोक्याचे. वर जाण्यात फक्त शक्ती घटते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे गणित निराळे असून तेथे अवरोध तंतोतंत जुळवावा आणि पेटी जोडल्याविना तो कधीही चालू करू नये.

पेटीपर्यंत जाणारी तार स्पीकरसाठीचीच असावी. गिटारची आवरणयुक्त तार दिसायला सारखी असली तरी तिचा गाभा बारीक असतो आणि मोठ्या प्रवाहाने ती तापते.

सदनिकेतील ध्वनिपातळी

पवईतील हिरानंदानी गार्डन्स, रहेजा विहार किंवा लगतच्या चांदिवलीतील इमारतींमध्ये दोन कुटुंबांच्या मध्ये एक भिंत असते. १०० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एक वॅटवर एक मीटर अंतरावर १०० डेसिबल देतो, १० वॅटवर ११० आणि वॅटच्या शंभराव्या भागावर ८०. प्लॅस्टर केलेली साधी विटांची भिंत मध्यम स्वरांना सुमारे ४० डेसिबलने रोखते. खालच्या स्वरांना ती बरीच कमी रोखते आणि काँक्रीटचा सांगाडा ते वरखालच्या मजल्यांपर्यंत पोहोचवतो. म्हणजेच १० वॅटवर वाजणारी गिटार शेजारच्या दिवाणखान्यात ७० डेसिबलच्या घरात ऐकू येते.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असेही नियम सांगतात. सोसायटीच्या बैठकीत मात्र डेसिबल कोणी मोजत नाही. बाळ झोपलेले होते की नाही, एवढाच पुरावा तेथे चालतो.

याचा निवडीवर थेट परिणाम होतो. घरातच वाजवणाऱ्यास चार स्पीकरची पेटी घेण्याचे तांत्रिक कारण उरत नाही. कमी पातळीवर कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे रात्री हळू आवाजात बसवलेला ध्वनी रंगमंचावर गुरगुरतो आणि टोचतो. घरातला आणि रंगमंचावरचा असे दोन स्वतंत्र संच मॉडेलरमध्ये साठवणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे. रात्री दहानंतर हेडफोनला पर्याय नाही, आणि मॉडेलरची खरी मातब्बरी तेव्हाच कळते.

श्रवणशक्तीचा मुद्दाही गौण नाही. अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल पातळी आठ तासांपर्यंत सुरक्षित मानली जाते आणि दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो. १०० डेसिबलवर तो जेमतेम १५ मिनिटे उरतो. सरावाची बंद खोली ही पातळी सहज ओलांडते.

रंगमंचावरील वापर

मुंबईतील रॉक मैफलींचे एक जुने केंद्र धोबी तलावाजवळचे रंगभवन होते. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव १९८६ मध्ये तेथे सुरू झाला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्या जागेवरील मैफली बंद पडल्या. पवईत भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा मूड इंडिगो हा महोत्सव १९७०च्या दशकाच्या प्रारंभापासून डिसेंबरमध्ये भरतो. लाइव्हवायर ही त्यातील रॉक वाद्यवृंदांची स्पर्धा आहे. पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश वाद्यवृंदाने २००९ मध्ये मूड इंडिगोत वादन केले.

स्पर्धेत एकामागून एक वाद्यवृंद चढतात आणि जोडणीला मिनिटे मोजून मिळतात. आयोजकांनी भाड्याने आणलेली पेटी कोणत्या स्पीकरची आहे, हे वादकाला तेथेच कळते. अशा ठिकाणी अनुकरणासह संकेत थेट मिक्सरला देणाऱ्यास श्रोत्यांपर्यंत जाणाऱ्या ध्वनीची खात्री राहते. पाठीमागची पेटी केवळ स्वतःला ऐकू येण्यापुरती वापरता येते, आणि ती न मिळाल्यास मॉनिटरवरही भागते. मॉनिटर नीट ऐकू येईलच, याची हमी मात्र छोट्या कार्यक्रमात कोणी देत नाही. एका स्पीकरची स्वतःची पेटी बाळगण्याचा खरा युक्तिवाद हाच आहे.

वाहतूक आणि हवामान

चार स्पीकरची मार्शल १९६०ए पेटी सुमारे ३६ किलोची आणि पाऊण मीटर रुंद-उंच असते. पवईला रेल्वे स्थानक नाही. कांजूरमार्ग, विक्रोळी किंवा अंधेरीपर्यंत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने जावे लागते. रिक्षात एका स्पीकरची पेटी गिटारसह मावते, पण रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस जात नाही, त्यामुळे शहरातील कार्यक्रमासाठी टॅक्सीचे गणित धरावे लागते.

एमडीएफच्या पेट्या स्वस्त असल्या तरी पावसाळ्यात कडांमधून ओल शोषून फुगतात आणि स्क्रूची पकड सैल होते. बर्च प्लायवूड महाग, हलके आणि टिकाऊ. परदेशातून आणलेल्या सक्रिय पेटीवर केवळ ११० किंवा १२० व्होल्ट लिहिलेले असल्यास ती येथील २३० व्होल्टवर रोहित्राविना जोडू नये.