पिवळी रेघ, पांढरी रेघ

आयर्लंडमधल्या डन्डॉकहून ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरीला निघालं की सीमा दिसते ती रस्त्यावरच. कडेची पिवळी रेघ संपून पांढरी सुरू होते आणि वेगाच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल येतात. फाटक नाही, पोलीस नाही. तरीही नर्स म्हणून इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी ती ओलांडली नाही. माझ्याकडे आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना होता, ब्रिटनचा व्हिसा नव्हता. बरोबरच्या आयरिश मुली शनिवारी न्यूरीला बाजारहाट करायला जात, मी घरी बसे. आयरिश नागरिकत्व मिळालं तेव्हा पहिली खेप मी न्यूरीचीच केली.

ही रेघ १९२१ सालची. आयर्लंडची फाळणी करताना नवी हद्द कुणी मोजली नाही, काउंट्यांच्या जुन्याच हद्दी उचलल्या. जिल्ह्याच्या कारभारासाठी पडलेल्या या हद्दी देश तोडायला कशा पुरणार? पेटिगो गावात नदीच्या अलीकडची घरं एका राज्यात राहिली, पलीकडची दुसऱ्या. क्लोनिसहून कॅव्हनला जाणारा रस्ता थोड्याच मैलांत चार वेळा सीमा ओलांडतो. हद्द सुधारायला नेमलेल्या आयोगाचा अहवाल १९२५ मध्ये आधीच वर्तमानपत्रात फुटला, मग सरकारांनी तो दडपून टाकला. रेघ होती तिथेच राहिली.

पण माझ्या मते लक्षात ठेवायची तारीख आहे १ एप्रिल १९२३. त्या दिवशी आयरिश फ्री स्टेटने, म्हणजे दक्षिणेच्या नव्या राज्याने, स्वतःची जकात सुरू केली. तोवर ब्रिटन आणि आयर्लंड ही दोन्ही बेटं मिळून एकच बाजारपेठ होती. एक देश तिच्यातून बाहेर पडला आणि शेतांमधल्या रस्त्यांवर जकात नाके उभे राहिले. माल न्यायचा तर ठरलेल्या रस्त्यांनीच, बाकीचे रस्ते बेकायदा. मोटार पलीकडे न्यायची तरी जामीन भरून पुस्तक घ्यायचं आणि नाक्यावर शिक्का मारून घ्यायचा. दोन वर्षं नुसत्या नकाशावर असलेली रेघ माणसांना जाणवली ती जकातीने.

आमच्या शेजारच्या आजी नव्वदीच्या आहेत. महायुद्धाच्या काळात त्या लहान होत्या. तटस्थ आयर्लंडमध्ये तेव्हा माणशी आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅम चहा मिळे. उत्तरेत चहा जास्त, दक्षिणेत लोणी जास्त. त्यांची आई कोटाच्या अस्तरात लोणी शिवून आगगाडीने उत्तरेला जाई आणि त्याच अस्तरात चहा घेऊन परते. जकातवाले डब्यात चढले की छोट्या मुलीने रडायचं, हे घरून ठरलेलं असे. “आमच्याकडे याला कुणी चोरी म्हणत नसे,” आजी सांगतात. दिवसाला चार कप चहा पिणारी मी, मला त्या माउलीला दोष देववत नाही.

पुढचं सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली येतो. जकात नाका म्हणजे सरकारची सगळ्यात जवळची खूण, म्हणून ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या बंदूकधाऱ्यांचा पहिला रोख तिच्यावर. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरीच्या जकात कचेरीत बॉम्ब वेळेआधी फुटला आणि नऊ जणांचा जीव गेला. नाक्याच्या रक्षणाला सैनिक आले, सैनिकांसाठी टेहळणीचे मनोरे आले, आडरस्ते लष्कराने स्फोटांनी खणून टाकले. शेतकऱ्यांनी ते खड्डे बुजवायचे, लष्कराने पुन्हा खणायचे, असं वर्षानुवर्षं चाललं.

दोन्ही देश १९७३ मध्ये एकाच दिवशी युरोपीय समुदायात आले होते. १ जानेवारी १९९३ ला युरोपची एकच बाजारपेठ झाली आणि जकात नाके उठले. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर हळूहळू मनोरेही उतरवले गेले. शांततेचं श्रेय करार करणाऱ्यांना द्यायलाच हवं, पण नाके पाच वर्षं आधी उठले होते हे विसरू नये.

२०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं ठरवलं. उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. सुमारे ५०० किलोमीटरची ही हद्द आता दोन बाजारपेठांमधली होणार होती, आणि मतदानाआधीच्या प्रचारात तिची चर्चा अगदी थोडी झाली. माझ्या डोळ्यांत ही अक्षम्य बेपर्वाई आहे. १९२३ चा धडा समोर होता. अखेर तपासणी जमिनीवर न ठेवता समुद्रावर ढकलली गेली. ब्रिटनमधून येणारा माल बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरांत तपासायचा ठरला. ब्रिटनशी नातं सांगणाऱ्या उत्तरेतल्या लोकांना ते आपल्याच देशात परकं केल्यासारखं वाटलं, आणि त्यांचं दुःख खोटं नाही. त्या वादात उत्तर आयर्लंडचं प्रांतिक सरकार दोन वर्षं बंद पडलं. २०२३ च्या विंडसर समझोत्याने तपासणी सैल झाली.

आता न्यूरीच्या दुकानात ब्रिटनहून आलेल्या दुधाच्या बाटलीवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ अशा अर्थाची चिठ्ठी असते. ती बाटली पिशवीत घालून मी पांढऱ्या रेघेवरून पिवळ्या रेघेवर येते, कुणी अडवत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी बेलफास्टच्या विधानसभेने समुद्रावरच्या तपासणीची ही व्यवस्था ४८ विरुद्ध ३६ मतांनी आणखी चार वर्षं चालू ठेवली.